डाव्या गालावरचे दाणे

तिनं तांब्यात पदराचं टोक बुडवलं, पिळलं, आणि मुलीच्या डाव्या गालावर जोरात फिरवलं. मग ते टोक दाराच्या उजेडाकडे धरून पाहिलं. थोडी पावडर निघाली होती. तिनं पुन्हा बुडवलं. या वेळी दुसऱ्या हातानं मुलीची हनुवटी धरली आणि तोंड इकडून तिकडं फिरवलं, बाजारात गिऱ्हाईक वांगं फिरवून कीड पाहतं तसं.

मुलगी माझ्या दिराची धाकटी. पुसणारी बाई म्हणजे तिला पाहायला आलेल्या मुलाची आत्या. आम्ही बाया माजघरात होतो. पुरुष पाहुणे बाहेरच्या खोलीत पोहे खात होते, पण मधलं दार उघडं होतं आणि त्यांना सगळं दिसत होतं. मुलगाही तिथंच बसलेला. त्यानं एकदा पाहिलं आणि मग मान खाली घालून बशीतले शेंगदाणे वेचायला लागला.

"हे काय करून राह्यल्या वो तुमी?" माझी जाऊ म्हणाली. पोरीची आई ती.

"काई नाई. घामेजली पोरगी, पुसून देऊन राह्यली," आत्या म्हणाली. मग तिनं पिशवीतून फोटो काढला आणि मुलीच्या तोंडाशेजारी धरला. "या फोटोत इथं डाग आहेत. पांढरे, मंधात लाल. आता नाही दिसत. सरळच इचारते, कोड तर नाही ना पोरीले? दवा चालू असन तर तसं सांगा."

तो फोटो मी काढलेला होता.

जाऊ माझ्याकडे पाहायला लागली. दीर बाहेरून उठून दारात आला. बोलायची पाळी माझी होती. त्या पोरीला जन्मल्यापासून मी न्हाऊ घातलं होतं, तिच्या पाठीवरचा तीळ कुठं आहे ते मला ठाऊक होतं. "पोरीला काही नाही, फोटोच वाईट आहे" एवढं म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही. मी पुढं झाले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि तिचा गाल निरखून पाहिला.

खरंच काही आहे की काय, म्हणून पाहिलं. खोटं कशाला लिहू.

"पाहा!" आत्या म्हणाली. "घरच्या बाईलेच पाहा लागते. मंग आमी पाह्यलं तर आमाले काहून राग?"

पोरगी रडत नव्हती. घासून गाल लाल झाला होता. तिनं डोळे वर केले ते आत्याकडे नाही, माझ्याकडे.

कॅमेरा माझ्याकडे कसा आला ते सांगते. माझ्या जावयानं कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला आणि त्याचा जुना डिजिटल कॅमेरा मला दिला. साबणाच्या डबीएवढा, चांदीच्या रंगाचा. माझं शिक्षण चौथी. इंग्रजी वाचता येत नाही. पण त्यात सगळी चित्रंच होती. वीज म्हणजे फ्लॅश, फूल म्हणजे जवळचं, डोंगर म्हणजे लांबचं. चित्रांवरून मी शिकले. आमचा मळा रिसोडच्या अलीकडे, रस्त्याला लागून. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर काढायची आणि केनवडच्या बाजारात नाहीतर रिसोडला नेऊन विकायचा, हेच आमचं काम. त्यात हा कॅमेरा आला आणि मी वेटाळातली, म्हणजे आमच्या आळीतली, फोटोवाली झाले. बारसं असो, नवी म्हैस असो, कोणाची सून माहेरी निघालेली असो, मला हाक यायची. "काय वो फोटोवाली, आज कोणाले पकडलं?" म्हणून माणसं चिडवायची. मी वरून रागवायची, पण मला ते आवडायचं. सगळं आयुष्य खुरपं हातात धरल्यावर दुसऱ्यांना न येणारी एक गोष्ट मला येत होती. घमेंड चढलीच.

जावयानं एक गोष्ट शिकवली होती. "अंधार असला की हा आकडा वाढवायचा, मामी. म्हणजे कमी उजेडातही फोटो येतो. पण फार नका वाढवू." त्या आकड्याला आयएसओ म्हणतात. माझ्या कॅमेऱ्यात तो ऐंशीपासून सुरू व्हायचा आणि तीन हजार दोनशेवर थांबायचा. फार म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. वांग्याला युरिया जास्त पडला की पान जळतं, हे मला कळत होतं. आकडा जास्त झाला की काय जळतं, ते मला दिसत नव्हतं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत, काडेपेटीएवढ्या, सगळे फोटो चांगलेच दिसायचे.

दिराच्या धाकटीसाठी आसेगावकडचं स्थळ आलं. घरी ओलिताची शेती, मुलगा कृषी केंद्रात कामाला, व्यसन नाही. मध्यस्थ म्हणाला, आधी फोटो द्या. पोरगी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. दीर म्हणाला, रिसोडला स्टुडिओत नेऊन काढून आणतो.

"स्टुडिओत कायले?" मी म्हटलं. "घरी मी हाय ना."

जाऊ म्हणाली, "बाहेर उन्हात नका काढू बाई. मळ्यात राहून रापली पोरगी, काळी येते."

पोरगी साडी नेसून उभी होती. ती म्हणाली, "मोठीमाय, निंबाखाली काढ ना. सावली बी हाय अन उजेड बी हाय."

"तुले काय समजते? गपचीप आत हो."

तिचं बरोबर होतं. निंबाखाली काढला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

आमच्या माजघराला खिडकी नाही. वर टिनं, एक दार, आणि दुपारची लाइन गेलेली. फ्लॅश मी बंद केला, कारण तिच्या मोठ्या बहिणीचा फोटो फ्लॅशनं काढला तेव्हा कपाळ आरशासारखं चमकलं होतं आणि जावेनं महिनाभर बोलून दाखवलं होतं. मग आकडा वाढवत गेले आणि शेवटपर्यंत नेला. पोरीची उजवी बाजू दाराकडे, डावी अंधाराकडे. बटण दाबलं. काचेत पाहिलं तर पोरगी उजळ, नीट दिसत होती.

"गोरी आली वो!" जाऊ म्हणाली. आम्ही दोघी खूश.

फोटो छापायला मी स्वतः रिसोडला गेले. तिथला स्टुडिओवाला मुसलमान, बापाच्या वेळेपासूनचं दुकान, मला ओळखायचा. त्यानं कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि तोंड वाकडं केलं.

"काकू, यात दाने लय आले. अंधारात काढला का? आकडा वाढवून?"

"वाढवला. मंग?"

"मंग हेच होते. उजेड नसला तर कॅमेरा जबरदस्ती वढते, अन मंधात हे असे रंगीत दाने भरते. दुसरा काढून आना. नाहीतर पोरीले घेऊन या, मी काढून देतो."

मला वाटलं, याला आपलं गिऱ्हाईक करायचं आहे. "तुहा धंदा समजते मले बापू. हाच काढ. अन तोंड मोठं कर. पायाचं काय काम?"

"मोठं केलं तर आनखी दिसन, काकू."

"कर म्हटलं ना."

तो हसला, म्हणाला, "तुमच्यापुढं कोन बोलन," आणि छापून दिला. माझा चष्मा घरी राहिला होता. मी हात लांब करून फोटो पाहिला. लांबून बरा दिसत होता. पाकिटात घालून मध्यस्थाला दिला. जावेनं उघडूनही पाहिला नाही, बाईनं आणला म्हणजे चांगलाच असणार म्हणून. जाऊ मला बाई म्हणते.

म्हणून त्या दिवशी माजघरात आत्यानं तो पोरीच्या तोंडाजवळ धरला तेव्हा मी तो पहिल्यांदा चष्म्यातून पाहिला. डाव्या गालावर ठिपके होते. पांढुरके, गुलाबी, कडेला हिरवट, एकमेकांत मिसळून चट्ट्यासारखे झालेले. कोडाची सुरुवात अशीच असते. मी तशी पाहिलेली आहे. माझ्या कॅमेऱ्यानं आतापर्यंत कधी खोटं काही काढलं नव्हतं, असं मला वाटत होतं. त्यामुळं मी वाकले.

पाहुणे गेले. "कळवतो" म्हणाले. चहासुद्धा घेतला नाही.

दीर माझ्यासमोर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. तो दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, फोटो असा काहून आला?"

"स्टुडिओवाल्यानं बिघडवला असन," मी म्हटलं.

हे तोंडातून निघालं आणि मला कळलं की आता हे पुढं जाणार. दुसऱ्या दिवशी दीर मला मोटारसायकलवर मागं बसवून रिसोडला घेऊन गेला. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. दिरानं त्यांच्यासमोरच सुरू केलं. "आमच्या पोरीचं तोंड काळं केलं तुमी लोकायनं. पैसे घेता अन फोटो असा देता?" तुमी लोकायनं, असं म्हणाला तो. गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. रस्त्यावरचे दोघं पायरीवर चढले.

स्टुडिओवाला दिराशी बोललाच नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काकू, मी काय म्हनलो होतो तुमाले?"

मी म्हटलं, "दाणे हायेत म्हणाला होता. दुसरा काढून आणा म्हणाला होता. मी ऐकलं नाही."

पायरीवरचे दोघं उतरून गेले. दिरानं माझ्याकडे पाहिलं नाही, तो भिंतीवरचे लग्नाचे फोटो पाहत राहिला. त्या माणसानं आम्हाला हाकललं असतं तरी चाललं असतं. त्यानं मला स्टूल दिलं. माझा कॅमेरा मागून घेतला, मागच्या खोलीत दिराला उभं केलं, दिवा बंद केला, माझ्याच शेवटच्या आकड्यावर फोटो काढला. मग एक बटण दाबलं. भिंगाचं चित्र होतं त्यावर. दाबलं की फोटो मोठा होतो, आणखी दाबलं की आणखी मोठा. तीन वर्षं तो कॅमेरा माझ्याकडे होता आणि ते बटण मी कधी दाबलं नव्हतं. दिराच्या गालावर तसेच चट्टे होते. पांढुरके, गुलाबी, हिरवट. मग त्याला दुकानाच्या दारात उभं करून, आकडा शंभरावर आणून काढला. चट्टे नव्हते, दोन दिवसांची दाढी तेवढी होती.

दीर म्हणाला, "म्हणजे पोरीले काई नाई."

"पोरीले काय होनार भाऊ? पोरगी तर चांगली हाय," स्टुडिओवाला म्हणाला.

आम्ही परत आलो.

मध्यस्थाकडून निरोप आला. नाही म्हणाले. नुसतं नाही म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. निरोपात हेही होतं की डागाचं खरं असावं, कारण त्यांच्याच घरच्या म्हातारीनं वाकून पाहिलं. पुसलेलं मागं राहिलं, माझं वाकणंच गावोगाव गेलं. मालेगावकडचं दुसरं स्थळ आलं तर त्यांनी फोटो मागितला नाही, आधी विचारलं, "गालाचं काय हाय ते?"

वेटाळातल्या बाया दही मागायला यायला लागल्या. ज्यांच्या घरी दोन म्हशी, त्यासुद्धा. वाटी घेऊन उभ्या राहायच्या आणि पोरीच्या डाव्या बाजूनं फिरायच्या. पोरगी कोपऱ्यात लपली नाही. एकीला तिनं सरळ गाल पुढं केला, "घ्या पाहून काकू. तांब्या आणू का पाण्याचा?" ती बाई वाटी घेऊन तशीच गेली. जाऊ पोरीला रागावली, आणि मग मोरीत जाऊन रडली.

एकच बाई आली आणि तिनं गालाकडे पाहिलं नाही. आमच्या वेटाळाच्या टोकाला राहते. तिला कोड आहे, हातांना आणि ओठांना. हळदीकुंकवाला आम्ही तिला सगळ्यांच्या शेवटी बोलावतो. मीही शेवटीच बोलावते. ती आली, पोरीला म्हणाली, "एक जुडी मेथीची दे वो माय, कवळी पाहून," आणि घेऊन गेली. जाताना माझ्याकडे पाहून हसली की नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण मी तोंड फिरवलं होतं.

पोरगी माझ्याशी बोलायची ती कामापुरती. "मोठीमाय, दोरी दे." "मोठीमाय, गाडी आली." बाकी नाही.

मी ठरवलं की आसेगावला जायचं. कोणाला विचारलं नाही. कॅमेरा पिशवीत टाकला, दोन काळीपिवळ्या जीपा बदलल्या आणि दुपारी त्या मुलाच्या दारात उभी राहिले. आत्या त्यांच्याकडेच राहते, नवरा गेल्यापासून. मला पाहून ती अंगणातल्या बाजेवरून उठली.

"तुमी? एकट्याच?"

"एकटीच. तुमचा फोटो काढाचा हाय."

"माहा?" ती हसली. "या वयात मले कोण पाहाले येऊन राह्यलं?"

मुलाची आई आतून आली. पाणी दिलं. मी बसले नाही. म्हटलं, आधी काम, मग चहा. आत्याला आतल्या खोलीत नेलं. तिथं सोयाबीनची पोती रचलेली होती आणि उजेड नावाला. एक गाल दाराकडे, एक पोत्यांकडे. आकडा शेवटपर्यंत. तिनं पदर सारखा केला, तोंड मिटलं, मान ताठ केली, लग्नातला फोटो काढतात तसा. मी बटण दाबलं. मग भिंगाचं बटण दाबलं, दाबत गेले, आणि कॅमेरा तिच्या हातात दिला.

"हे काय वो माय! मी अशी हाय?"

मुलाची आई तिच्या खांद्यावरून डोकावली. "वन्स, तुमाले तर कोडच निघालं! तांब्या आणू का?"

दाराशी शेजारणी जमल्या होत्या, त्या हसल्या. आत्याचं तोंड उतरलं. मला तेव्हा बरं वाटलं. ते बरं वाटणंही चांगलं नव्हतं, पण वाटलं. मग मी तिला बाहेर आंब्याच्या सावलीत उभं केलं, आकडा खाली आणला, परत काढला. स्वच्छ आली.

"कमी उजेडात जबरदस्ती काढलं की असं होते," मी म्हटलं. "पोरीचा फोटो मी तसाच काढला. छापणारा नको म्हणत होता तरी छापला. चूक माही हाय. पोरीले डाग नाही, कधी नव्हता."

आत्यानं दोन्ही फोटो काचेत पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "फोटोचं समजलं. पण तुमी काहून वाकल्या? तुमी तर घरच्या."

एवढ्या लांब येताना हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

"कॅमेऱ्यावर लय भरोसा होता माहा," मी म्हटलं.

"पोरीपेक्षा?"

"त्या टायमाले, हो."

मग चहा आला. चहा पिताना तिनं सांगितलं की तिच्या भावकीत एकदा डाग पावडरनं झाकून बसवलेली मुलगी गळ्यात पडली होती, लपवलं म्हणून फार भांडणं झाली, तेव्हापासून ती पदर ओला करून पाहते. "मी बी तसं पुसाले नव्हतं पाह्यजे. पोरीचा बापही बाहेरून पाहून राह्यला होता," ती म्हणाली. मुलाची आई म्हणाली, पोरगा अजून तीच पाहिजे म्हणतो. आम्ही परत येऊ, या वेळी नुसतं बोलायला, आणि पक्कं करून टाकू.

मी घरी आले ते अंगणातून ओरडतच. "जमलं! येऊन राह्यले ते परत!" जावेनं हात जोडले. दीर मळ्यातून धावत आला. त्यानं मला "वहिनी" म्हणून हाक मारली, कितीतरी दिवसांनी. मी सगळं सांगितलं. आत्याचा फोटो दाखवला, तांब्याचं सांगितलं, जाऊ हसून हसून खाली बसली.

पोरगी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. ती हसली नाही. म्हणाली, "मी नाही जात त्या घरी."

"आता काहून?" दीर म्हणाला. "त्याईनं चूक मानली ना."

"त्याईनं मानली. मंग मी काय करू?"

"असं चांगलं स्थळ पुन्हा नाही येत, पोरी."

"नको येऊ दे."

दीर चिडला. मी मध्ये पडले, म्हटलं, "त्या बाईचं घरात लय चालत नाही, पोरगा चांगला हाय, तुह्यावर त्याचं मन हाय."

"त्याचं मन होतं तर त्यानं शेंगदाणे काहून वेचले?" ती म्हणाली. तिनंही ते पाहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मग तिनं जुडी खाली ठेवली. "मोठीमाय, ती परकी बाई होती. फोटो पाहून आली होती, तिनं पुसलं. तू काहून वाकली? तू तं मले रोज पाह्यते."

आत्याला दिलं होतं ते उत्तर माझ्याकडे होतं. ते पोरीसमोर तोंडातून निघेना. मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर बदलला होता माहा." असलं फालतू उत्तर मी आयुष्यात कोणाला दिलेलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जुड्या बांधायला लागली.

त्या संध्याकाळी घरात फार बोलाचाली झाली. दीर म्हणाला, मी पक्कं करणार. जाऊ एकदा नवऱ्याची बाजू घ्यायची, एकदा पोरीची. मी म्हटलं, "नाही म्हणते तं नाही. तिच्यावर ढकलू नका." माझ्या शब्दाला तेव्हा काही वजन उरलं नव्हतं, त्यामुळं माझ्यामुळं काही ठरलं असं मी म्हणणार नाही. पोरगीच अडून बसली. जेवली, कामं केली, पण हो म्हणाली नाही. शेवटी दीर थकला. नकाराचा निरोप द्यायला त्यानं मलाच पाठवलं. ते बरोबर केलं त्यानं. मी पुन्हा दोन गाड्या बदलून आसेगावला गेले आणि त्या बायांसमोर सांगितलं की पोरगी नाही म्हणते. आत्यानं विचारलं, "माह्यामुळं का?" मी म्हटलं, "तुमच्यामुळंही." पुढचं तिनं विचारलं नाही, पण मीच सांगितलं. "अन माह्यामुळं जास्त."

मधली दोन वर्षं वाईट गेली. तीन स्थळं गालावरून मोडली. प्रत्येक वेळी जाऊ माझ्याकडे न पाहता भाकरी थापायची, आणि ते न पाहणं मला ऐकू यायचं. पोरगी रिसोडला शिवणकाम शिकायला जायला लागली. तिथूनच तिचं लग्न जमलं, शिकवणाऱ्या बाईच्या भाच्याशी. त्यानं फोटो मागितला नाही, रोज पाहतच होता. लग्नात फोटो काढायला रिसोडचा स्टुडिओवालाच होता. दिरानंच त्याला बोलावलं, आणि आधी त्याच्या दुकानात जाऊन काहीतरी बोलून आला. काय बोलला ते मला सांगितलं नाही. मी त्या लग्नात वाढायला होते. कॅमेरा मी आणला नव्हता, आणि कोणी विचारलंही नाही.

आता फोटो सगळेच काढतात, मोबाइलवर, अंधारातही. नातू सांगतो की आत मशीनच ते दाणे पुसून टाकते. असेल.

पोरगी आता मंगरूळपीरला राहते. शिलाईचं दुकान आहे तिचं, दोन लेकरं आहेत. दिवाळीला येते, माझ्या पाया पडते, माझ्याशी चांगलं बोलते. तो विषय तिनं परत कधी काढला नाही आणि मला काढता आला नाही. मी इथं माझी लाज लिहिली, पण पाहुण्यांसमोर बसून गाल पुसून घेतला तो तिनं, आणि पुढची दोन वर्षं लोकांच्या नजरा झेलल्या त्याही तिनं. माझ्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही.